किटबॅगचे वर्ष

शाळकरी खेळाडूचे वर्ष जूनमध्ये, जन्मदाखल्याच्या झेरॉक्सपासून सुरू होते. शाळा उघडून आठवडा होतो न होतो तोच पीटीचे सर कागद मागतात: जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेच्या रजिस्टरमधला उतारा, पासपोर्ट आकाराचे फोटो. घरात त्यासाठी बटणाची एक प्लास्टिक फाइल असते. मुलगा सहावी-सातवीत असताना ती तयार होते आणि बारावीपर्यंत आईबापांच्या हातून सुटत नाही. सामन्याच्या दिवशी पाण्याची बाटली विसरली तर चालते. फाइल विसरली तर आयोजकांच्या टेबलापाशीच सामना संपतो.

फाइलला एवढे महत्त्व येते ते वयोगटांमुळे. राज्याच्या क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा, अशा त्यांच्या पायऱ्या. ही गोष्ट कांजूरमार्गची; ते मुंबई उपनगर जिल्ह्यात येते, म्हणून इथल्या शाळांची पहिली पायरी उपनगरच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडची. पालकांच्या बोलण्यात हा सगळा व्यवहार ‘डीएसओ’ या तीन अक्षरांत मावतो: ‘यंदा डीएसओ कधी?’, ‘डीएसओत दुसऱ्या फेरीत गेला.’ या स्पर्धांत वय कॅलेंडर वर्षाप्रमाणे, १ जानेवारी धरून मोजतात. क्रिकेट नियामक मंडळाच्या वयोगटांची तारीख १ सप्टेंबर. त्यामुळे ऑक्टोबरात जन्मलेला मुलगा डीएसओत आपल्या गटातला जवळजवळ शेंडेफळ ठरतो आणि क्रिकेटच्या निवडचाचणीत तोच थोरल्यांपैकी एक होतो. तेरा-चौदाव्या वर्षी आठ-दहा महिन्यांचा फरक म्हणजे चार बोटे उंची आणि चेंडू टाकण्याचा वेग. जन्माचा महिना आणि संघातली निवड यांचा हा संबंध कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंवर १९८०च्या दशकात अभ्यासून दाखवला गेला. मैदानाच्या कडेला बसणाऱ्या कुठल्याही आईला तो अभ्यास न वाचता ठाऊक असतो.

कागदावरच्या वयावर क्रिकेटचा पूर्ण विश्वास नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवतात. या पद्धतीला टीडब्ल्यू-३ म्हणतात. हाडांची वाढ आणि दाखल्यावरची तारीख यांत प्रामाणिक मुलांच्या बाबतीतही अंतर पडू शकते. लवकर मिसरूड फुटलेल्या मुलाचे पालक म्हणूनच त्या एक्स-रेची धास्ती घेतात. आहार, सराव, शिस्त या साऱ्यांवर काही ना काही उपाय असतो. मनगटाच्या हाडांपुढे कोणाचे काही चालत नाही.

कागदांचे झाले की प्रश्न उरतो अंतराचा, आणि तोच सगळ्यांत मोठा. विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधल्या कांजूरमार्गला फक्त धीम्या लोकल थांबतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायला पाऊण तास ते तास लागतो. घाई असेल तर घाटकोपरला उतरून जलद गाडी धरायची. शिवाजी पार्कला जायचे तर दादर, ओव्हलवर जायचे तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेने चर्चगेट. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलासाठी घाटकोपरहून मेट्रो. ती २०१४ मध्ये सुरू झाली आणि पूर्व उपनगरातल्या पालकांचे पश्चिमेकडचे रविवार जरा सुसह्य झाले. त्याआधी हा प्रवास पवईवरून बसने, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या वाहतुकीत अडकत व्हायचा.

रविवार हा सामन्यांचा वार आणि मेगाब्लॉकचाही. माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक असला की गाड्या जलद मार्गावर वळवतात आणि रेल्वेच्या पत्रकाच्या शेवटी ते ठरलेले वाक्य येते: विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर स्थानकांवर लोकल उपलब्ध नसतील. ब्लॉक बहुधा सकाळी अकराच्या सुमारास लागतो आणि दुपारी साडेतीन-चारला संपतो. सहाच्या गाडीने निघणाऱ्याला त्याची झळ नाही. जो संघ जिंकत राहतो तो संध्याकाळी सुखरूप घरी येतो. जो बाराच्या आत हरतो, त्याच्या वाट्याला विक्रोळीला उतरून किटबॅगसह रिक्षा शोधणे येते, आणि किटबॅग बघून थांबणारी रिक्षा लवकर मिळत नाही.

मैदान इतके लांब का, हे कांजूरचा नकाशा पाहून पटकन कळत नाही, कारण नकाशावर कांजूर मोकळेच दिसते. द्रुतगती महामार्गाच्या पूर्वेला मिठागरे आहेत, तिवरे आहेत, खाडी आहे. शहराच्या कचऱ्याचा मोठा वाटा जिथे जातो ते डंपिंग ग्राउंडही तिथलेच. वारा फिरला की नेहरूनगर-कर्वेनगरातल्या खिडक्या बंद होतात. २०२० मध्ये मेट्रोची कारशेड आरेहून कांजूरला आणण्याचे ठरले तेव्हा इथली १०२ एकर जागा राज्यभर गाजली, न्यायालयात गेली आणि दोन वर्षांनी कारशेडचा निर्णय पुन्हा आरेकडे वळला. त्या साऱ्या गदारोळात या जमिनीला मिठागर म्हटले गेले, सरकारी मालमत्ता म्हटले गेले, पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हटले गेले. अर्थात ती खेळण्याची जागा नव्हतीच. पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्गावर कारखाने होते, त्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी मॉल आणि टॉवर आले. मुलांच्या वाट्याला शाळेचे पटांगण, सोसायटीची पार्किंगची जागा आणि अलीकडे तासाच्या भाड्याने मिळणारा टर्फ एवढेच येते. टर्फवरच्या हिरव्या प्लास्टिक गवतावर चेंडू सारखाच उडतो. मातीच्या खेळपट्टीवर तो कधी खाली राहतो, कधी छातीवर येतो. ती सवय लावायला मुलाला शेवटी लोकलच धरावी लागते.

ही लोकल पहाटेची असते आणि डबा बहुधा मालडबा. पाठीवरच्या शाळेच्या दप्तराला गर्दी वाट देते, किटबॅगला देत नाही. चाके लावलेली, मुलाच्या खांद्यापर्यंत येणारी ती पिशवी जिन्यावरून चढवताना एक टोक मुलाच्या हातात, दुसरे बापाच्या. डब्यात ती उभी करून दोन गुडघ्यांत धरायची. शेजारी दुधाचे कॅन, भाजीच्या गोण्या, परतीच्या वेळी कोळणींच्या रिकाम्या पाट्या. मुलगा खिडकीच्या जाळीला डोके टेकून झोपतो आणि वडील बॅग सांभाळत जागे राहतात. खेळातला पालकांचा सहभाग म्हणून परिसंवादांत जे काही बोलले जाते, त्याचा तासांनी मोजता येणारा भाग हा एवढाच आहे.

पावसाळा हा मुंबईत खेळ बंद ठेवण्याचा काळ मानत नाहीत. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग मुद्दाम पावसातच खेळवली जाते. ओली, झाकलेली-उघडलेली खेळपट्टी, गुडघ्याएवढे गवत, अडकणारा चेंडू. इथे काढलेल्या तीस धावांना जुने लोक कोरड्या मैदानावरच्या शतकाचा मान देतात. ही क्लबांची स्पर्धा असली तरी खालच्या श्रेणींत पंधरा-सोळा वर्षांची मुले मोठ्या पोटाच्या बँक कर्मचाऱ्यांबरोबर खेळतात. त्यांच्याकडून शिव्या आणि लेट कट दोन्ही शिकतात. पालकांच्या दृष्टीने कांगाचा अर्थ निराळा: सामना होईल की नाही हे मैदानावर पोहोचेपर्यंत कळत नाही. कांजूरला ऊन असते तेव्हा क्रॉस मैदानावर तळे साचलेले असू शकते. मग पंच खेळपट्टीवर पाय दाबून बघतात, डोके हलवतात, आणि सव्वा तासाचा प्रवास करून आलेले बापलेक चहा-बनमस्का खाऊन परत निघतात.

याच दिवसांत शालेय फुटबॉलच्या फेऱ्या लागतात. शाळांचे सामने भरवणारी मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन १८९३ची. फुटबॉल, हॉकी आणि क्रिकेट या तिन्हींच्या मोसमांचे वेळापत्रक वर्षानुवर्षे तिच्या फलकावरून ठरत आले आहे. फुटबॉलमध्ये खर्च कमी, कपडे धुण्याचे काम जास्त. आणि पूर्व उपनगरात गुरुपौर्णिमेपासून आणखी एक सराव सुरू होतो, तो गोविंदांचा. कांजूर-भांडुप-घाटकोपरच्या गल्ल्यांत रात्री दहानंतर थर लागतात. राज्य सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायचे नाही असे उच्च न्यायालयात त्याआधीच ठरलेले आहे. चौदा पूर्ण झालेल्या, वजनाने हलक्या मुलाला मग मंडळाकडून बोलावणे येते. क्रिकेटचे सर हंडीला जाऊ नको म्हणतात, कारण मनगट मोडले तर हिवाळा गेला. मंडळ म्हणते वरच्या थराला दुसरा कोणी नाही. हा वाद बहुतेक घरांत आई मिटवते, आणि मुलाच्या मनाविरुद्ध मिटवते.

गणपती झाले की सामानाची उजळणी. वाढत्या वयाच्या मुलाचे सामान हा खर्चाचा न संपणारा खड्डा आहे. बॅटचे माप एक ते सहा, मग हॅरो, मग मोठ्या माणसांची पूर्ण बॅट. बारा ते पंधरा या वयात मुलगा सहा नंबर, हॅरो आणि पूर्ण अशी तीन मापे ओलांडतो; पॅड आणि बूटही तसेच आखूड पडत जातात. काश्मीर विलोची बॅट मध्यमवर्गाच्या आवाक्यातली. इंग्लिश विलो तिच्या कितीतरी पट महाग, आणि उंची थांबण्याआधी ती घेणे म्हणजे पैसे पाण्यात. तरीही ती घेतली जाते, कारण संघातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांनी घेतलेली असते.

नवी बॅट थेट सामन्यात चालत नाही. तिला जवसाचे तेल लावून आडवी ठेवतात, तेल मुरले की पुन्हा हलका हात फिरवतात. मग लाकडी हातोड्याने किंवा मोज्यात बांधलेल्या जुन्या चेंडूने तिच्या तोंडावर ठोकायचे. आधी हलके, मग जोर वाढवत, कडांवर तिरके. खालच्या टोकावर अजिबात नाही. ‘टक, टक, टक’ असे हे काम पाच-सहा तासांचे असते आणि ते रोज थोडे थोडे आठ-दहा दिवस चालते. कांजूरच्या चार मजली इमारतीत दुपारी दोनला हा आवाज सुरू झाला की तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी वर येतात. वडील कामावरून आल्यावर रात्री आठ ते नऊ ठोकायचे, असा तह होतो. कुटुंबाच्या मालिकेची वेळही नेमकी तीच असते. बॅट तयार झाली हे आवाजावरून कळते: बोथट टक जाऊन तिथे भरीव असा ठणका येतो. तो घरातल्या सगळ्यांनाच ओळखता येऊ लागतो, मोठ्या बहिणीलासुद्धा, जिला क्रिकेटशी काडीचे देणेघेणे नसते.

दिवाळीनंतर खरा मोसम. १८९० ते १८९५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिसच्या नावाची ढाल सोळा वर्षांखालील शाळांसाठी आणि जाइल्स शील्ड चौदा वर्षांखालील शाळांसाठी. आझाद मैदान, क्रॉस मैदान, माटुंगा, शिवाजी पार्क अशा ठिकाणी हे सामने पसरतात. आझाद मैदानात एकेकाळी बावीस खेळपट्ट्या मोजत. एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो आणि कोणाचा चेंडू कोणाकडे गेला हे खेळाडूंना बरोबर कळते, नव्या पालकाला कळत नाही. दुसऱ्याच सामन्यातल्या चौकाराला टाळी वाजवून झालेली फजिती बहुतेकांच्या खाती जमा असते.

याच मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिसच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागी रचली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. इथेच नोव्हेंबर २०१३ मध्ये चौदा वर्षांच्या पृथ्वी शॉने रिझवी स्प्रिंगफील्डकडून ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या. हे आकडे शाळकरी मुलांना पाठ असतात. पालकांनी पाठ करण्याजोगी असते ती त्यांच्यामागची प्रवासाची व्यवस्था, कारण मुंबईच्या फलंदाजांचे बालपण जवळून पाहिले तर त्यात अंतराचा हिशेब सापडतोच. सचिनला १९८४ मध्ये भाऊ अजित प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला. वांद्रे ते शिवाजी पार्क ही बेस्टच्या ३१५ क्रमांकाच्या बसची ये-जा दिवसातून दोनदा होऊ लागली, तेव्हा कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकरांनी मुलाची शाळा बदलू दिली आणि पुढे त्याला शिवाजी पार्कला काका-काकूंकडे ठेवले. रोहित शर्माचे आईवडील डोंबिवलीला आणि तो बोरिवलीला आजी-आजोबांकडे. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी १९९९ मध्ये त्याला स्वामी विवेकानंद शाळेत आणले, तेव्हा महिना २७५ रुपये फी परवडत नाही हे कळल्यावर फीमाफी मिळवून दिली. पालघरचा शार्दूल ठाकूर शाळेसाठी लाडांच्याच घरी राहिला. पृथ्वी शॉची आई तो चार वर्षांचा असताना गेली. विरारहून वांद्र्याला त्याला घेऊन जाण्याचे काम वडिलांनी केले. आणि यशस्वी जैस्वालचे घर उत्तर प्रदेशातल्या भदोहीत. तो आझाद मैदानातल्या क्लबच्या तंबूतच झोपला, म्हणजे प्रवासाचा प्रश्नच त्याने मुळापासून काढून टाकला. २०१५च्या जाइल्स शील्ड सामन्यात त्याच्या नाबाद ३१९ धावा आणि ९९ धावांत १३ बळी.

कांजूरच्या पालकापुढे यातले फार थोडे पर्याय असतात. दादरला राहणारी मावशी सगळ्यांनाच नसते.

अंतर न कापता, आपल्याच गावात काय घडू शकते याचे उदाहरण मध्य रेल्वेवरच आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा नाबाद ६२८चा विक्रम १८९९ पासून टिकला होता. प्रणवचे वडील रिक्षा चालवत. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी दिली. पुढे धावा आटल्या, आणि २०१७ मध्ये मुलाची कामगिरी मनासारखी होत नाही म्हणून ही शिष्यवृत्ती थांबवावी, असे वडिलांनीच संघटनेला कळवले. हजार धावांची बातमी जगभर गेली. पालकत्वाच्या दृष्टीने पाहिले तर वडिलांचे ते पत्र अधिक अवघड होते.

हिवाळ्यात क्रिकेटला समांतर, रात्रीच्या प्रकाशझोतात दुसरा मोसम चालतो तो कबड्डीचा. भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर हा गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांच्या वस्तीचा पट्टा आणि कबड्डीची मंडळे या पट्ट्याची जुनी मिरास. उपनगर कबड्डी संघटनेच्या स्पर्धांतून जिल्ह्याचा संघ निघतो. कुमार गटाला वीस वर्षांखालचे वय आणि सत्तर किलोंपर्यंतचे वजन, अशी दुहेरी अट असते. म्हणून कबड्डीपटूच्या घरात फाइलइतकाच वजनकाटाही महत्त्वाचा. वजनाच्या आदल्या रात्री जेवण बंद, पहाटे दोन स्वेटर घालून धावणे. आणि वजन उरकले की टपरीवर चार केळी, दोन अंडापाव. वाढीच्या वयात उपाशीपोटी चढाई करायला लावणारी ही पद्धत चांगली नाही, आणि ते सगळ्यांना कळते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, सामने टीव्हीवर दिसू लागले, मातीच्या जागी मॅट आली आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलांना बूट घ्यावे लागले. सामने मात्र अजून रात्री अकरापर्यंत रेंगाळतात. आया मैदानाला लागून असलेल्या इमारतींच्या गॅलरीतून बघतात. निदानरेषा कुठे, बोनस केव्हा, हे त्यांना पंचांइतकेच कळते आणि पंचांपेक्षा मोठ्याने सांगता येते.

मुलगा आठवी-नववीत गेला की मैदानावरची पालकांची जागा हळूहळू मागे सरकते. कॅनडातले क्रीडा-मानसशास्त्रज्ञ ज्याँ कोते यांनी १९९९ मध्ये चार खेळाडू-कुटुंबांचा अभ्यास करून या सरकण्याचे टप्पे मांडले. साधारण तेराव्या वर्षापर्यंत मूल अनेक खेळ चाखून बघते आणि पालक पुढाकार घेतात; तेरा ते पंधरात एखाददुसरा खेळ उरतो; पुढे सगळे काही एकाच खेळात ओतले जाते, आणि पालक मागे राहून आधार देणारे होतात. घरातला पैसा, वेळ आणि लक्ष भावंडांत सारखे वाटले जात नाही, हेही त्या अभ्यासात दिसले. कांजूरच्या दोन खोल्यांच्या घरात याला पुरावा लागत नाही: भावाच्या सामन्यासाठी बहिणीचा गॅदरिंगचा नाच हुकलेला असतो आणि तो हिशेब ती लक्षात ठेवते.

मागे सरकणे वडिलांना जड जाते. लहानपणी बाऊंड्रीवरून ‘पाय काढ!’ ओरडणाऱ्या बापाला सर एक दिवस बाजूला घेतात आणि झाडाखाली बसायला सांगतात. मुलगाही स्टेशनपासून चार पावले पुढे चालू लागतो. मित्र दिसले तर दहा. मैदानावर पालकांना स्वतःची नावे नसतात. मुलाच्या नावापुढे ‘चे पप्पा’ किंवा ‘ची आई’ जोडले की ओळख पुरी, आणि ही ओळख वर्षानुवर्षे टिकते; फोनमध्येही तशीच जतन केलेली असते. अलीकडे सामन्याला न जाताही तो बघता येतो. क्रिकहीरोजसारख्या ॲपवर कोणीतरी चेंडूचेंडूची नोंद करत असते आणि कुर्ल्याच्या किंवा सीप्झच्या कार्यालयातला बाप टेबलाखाली फोन धरून ती पाहत असतो. ॲपवर ‘झेलबाद ३’ एवढेच कळते. तो झेल अफलातून होता की मुलाने आळशी फटका मारला, हे रात्री जेवताना मुलाच्या तोंडून काढावे लागते, आणि तो विषय काढायची वेळ चुकली तर जेवणही जाते.

या सगळ्यातून सहलीला जे दिवस उरतात ते सामन्यांच्या वेळापत्रकातल्या फटींमध्ये बसवलेले असतात. फेब्रुवारीत क्रिकेटच्या फेऱ्या ओसरतात आणि परीक्षा अजून थोडी लांब असते, तेव्हा कांजूरच्या घरांना सर्वांत जवळची सहल म्हणजे भांडुप पंपिंग स्टेशन. महामार्ग ओलांडला की दहा मिनिटांत डांबरी रस्ता संपतो, दोन्ही बाजूंना तिवरे लागतात आणि ओहोटीला गुलाबी रोहितांचे थवे चिखलात उभे दिसतात. ठाणे खाडीतले हे क्षेत्र २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आले. ऐरोलीच्या केंद्रावरून बोटीनेही हे पक्षी बघता येतात, पण भरतीची वेळ साधावी लागते. पंधरा वर्षांच्या मुलाला पक्ष्यांत रस नसतो. आईच्या आग्रहाखातर तो येतो, बंधाऱ्यावरून दगड भिरकावत राहतो, आणि त्याचा थ्रो सुधारला आहे हे वडिलांच्या नजरेतून सुटत नाही.

दुसरी ठरलेली जागा बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान. कान्हेरीच्या शंभरावर लेण्यांपर्यंतची चढण सर ‘फिटनेस’ म्हणून मंजूर करतात. माथेरानला जायचे तर नेरळपर्यंत लोकल, पुढे छोटी गाडी मिळाली तर गाडी, नाहीतर दस्तुरीपर्यंत टॅक्सी आणि मग लाल मातीतून पायी. गणपतीला कोकणात जाणे मात्र वादाचे होते. पाच दिवस गावी गेले तर सरावाचे पाच दिवस बुडतात, आणि ‘गणपतीपेक्षा प्रॅक्टिस मोठी का?’ या आजीच्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते. अनेक घरांनी त्यावर वाटणीचा मार्ग काढला आहे: आई आणि बहीण आधी जातात, बापलेक गौरींच्या दिवशी रात्रीच्या गाडीने पोहोचतात.

सर्वांत खऱ्या अर्थाने कौटुंबिक सहल होते ती बाहेरगावच्या स्पर्धेच्या निमित्ताने. मे महिन्यात पुण्याला किंवा सांगलीला संघ जातो तेव्हा तीन-चार कुटुंबे बरोबर निघतात. मुले संघाबरोबर शाळेच्या वर्गात गाद्या टाकून झोपतात, पालक लॉजवर. सकाळी सामना, दुपारी हरले तर शनिवारवाडा, जिंकले तर शनिवारवाडा राहिला. त्यामुळे पुण्याला चारदा जाऊनही सिंहगड न पाहिलेली कुटुंबे मुंबईत आहेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. मुंबईपुरते बोलायचे तर सामन्यांच्या मागे फिरत या पालकांना शहर जितके ठाऊक होते तितके ते कुठल्याच सहलीने झाले नसते: कुठल्या जिमखान्याच्या मागे सावली आहे, माटुंग्याला इडली कुठे साडेसहाला मिळते, ओव्हलजवळ स्वच्छ स्वच्छतागृह कोणते. शेवटची माहिती आया एकमेकींना पहिल्याच भेटीत देतात.

दहावीला हे सगळे आवळले जाते. शिकवणीच्या वेळा आणि नेटच्या वेळा एकमेकांवर येतात. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, पण त्यासाठी स्पर्धेची प्रमाणपत्रे शाळेमार्फत क्रीडा कार्यालयात आणि तिथून मंडळाकडे मुदतीत जावी लागतात. इथे पुन्हा ती प्लास्टिकची फाइल निघते. हॅरिस सोळाला संपते. त्यापुढे मुंबईचा १९ वर्षांखालचा संघ, आणि तिथे पोहोचणारी मुले एका मिनीबसमध्ये मावतात. उरलेली बहुसंख्य मुले कांगा लीगच्या खालच्या श्रेणीत, कंपनीच्या संघात किंवा टर्फवर रात्री बॉक्स क्रिकेट खेळत राहतात. काही कायमचे सोडतात. सोडणे एका दिवशी जाहीर होत नाही. एका रविवारी गजर लावला जात नाही, पुढच्या रविवारीही नाही, आणि महिनाभराने वडील विचारायचे थांबतात.

मग आवराआवर होते. पॅड आणि हेल्मेट इमारतीतल्या एखाद्या सातवीतल्या मुलाला जातात, त्याच्या आईला धुण्याच्या सूचनांसह. पांढरे कपडे कुणाला देण्याजोगे राहिलेले नसतात. आझाद मैदानाची लाल माती गुडघ्यांवरून निळीनेही जात नाही. इंग्लिश विलो कपाटावर आडवी राहते आणि दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी तिला तेलाचा हात देते. फाइल मात्र माळ्यावर जात नाही. जूनमध्ये कॉलेजच्या प्रवेशाला तीच लागते, जन्मदाखल्याच्या उरलेल्या दोन झेरॉक्सही त्यातच असतात.